खाणावळीचें गिऱ्हाईक



आजच्या भाषणाचा विषय मोठा तात्त्विक नाहीं. पैसे देऊन परक्याच्या हातचें अन्न खाणाऱ्या माणसाला बरेवाईट अनुभव कसे येतात, आणि त्या अनुभवांत त्याचा स्वतःचा वांटा किती असतो, एवढेंच मला सांगावयाचें आहे. उदाहरणें बहुतेक माझ्या परिचयाच्या मुलखांतलीं, म्हणजे पालघर, बोईसर आणि तारापूर या बाजूचीं असतील. शाळामास्तराला हॉटेलांविषयीं बोलण्याचा अधिकार कोणीं दिला, असें आपणांपैकीं कोणी विचारील. त्याला माझें उत्तर सोपें आहे. बदलीच्या नोकरींत ज्यानें बरींच वर्षें एकट्यानें काढलीं, त्याच्या पोटाचा संसार खाणावळीनेंच चालविलेला असतो.

घरच्या जेवणाचा न्याय वेगळा आणि बाहेरच्या जेवणाचा वेगळा. घरीं भात करपला तर तोंड उघडावें कीं मुकाट्यानें गिळावें, हें नात्यावर ठरतें. आणि आपल्या समाजांत पुरुषांनीं तें पुष्कळदां अन्यायानेंच ठरविलें आहे. खाणावळींत नातें नसतें, व्यवहार असतो. त्यामुळें पुष्कळांची अशी समजूत होते कीं, पैसे मोजले म्हणजे आपलें काम संपलें. यापुढें जें कांहीं करावयाचें तें मालकानें, आचाऱ्यानें आणि वाढप्यानें करावें. ही समजूत मला पटत नाहीं. खाणावळ निम्मी मालक चालवितो आणि निम्मी गिऱ्हाईक चालवितें. गिऱ्हाइकानें काय मागितलें, कोणाला शेजारीं बसूं दिलें, वाढणाऱ्याशीं तें कोणत्या शब्दांत बोललें आणि चुकीची दाद कोणापाशीं मागितली, यांवर त्या खाणावळीचें उद्यांचें रूप ठरतें.

प्रथम हा मुलूख कसा आहे तें सांगतों. मुंबईहून अहमदाबादकडे जाणाऱ्या लोहमार्गावर पालघर, मग उमरोळी, मग बोईसर अशीं स्थानकें लागतात. बोईसरच्या पश्चिमेस समुद्राच्या बाजूला तारापूर आणि चिंचणी. एके काळीं येथें बाहेर जेवणारा माणूस म्हणजे कचेरीच्या कामाला आलेला खेडूत, फिरता व्यापारी, किंवा बदलून आलेला सरकारी नोकर. १९६९ सालीं तारापूर येथें देशांतील पहिलें अणुवीजकेंद्र सुरू झालें. बोईसरला तारापूर औद्योगिक वसाहत उभी राहिली आणि औषधांचे, रसायनांचे, कापडाचे, पोलादाचे कारखाने आले. २०१३ सालीं मुंबईची उपनगरी गाडी डहाणूपर्यंत येऊं लागली, आणि १ ऑगस्ट २०१४ रोजीं पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. कारखान्यांबरोबर उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा, राजस्थान अशा दूरदूरच्या प्रांतांतून माणसें आलीं, आणि माणसांमागून त्यांच्या चुली आल्या. आज बोईसरला कोठें मच्छीची थाळी, कोठें गुजराती पद्धतीचें जेवण, पलीकडे इडली-डोसा आणि कोपऱ्यावर लिट्टी-चोखा अशी सगळ्यांची सोय लागते.

पदार्थांच्या इतक्या तऱ्हा असल्या तरी गिऱ्हाइकांचे प्रकार मला दोनच दिसतात. एक महिन्याचें गिऱ्हाईक आणि दुसरें वाटेवरचें गिऱ्हाईक.

महिन्याचें गिऱ्हाईक म्हणजे कुटुंब गांवीं ठेवून आलेला कामगार किंवा कारकून. त्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. मुंबईच्या गिरणगांवांत कोंकणांतून आणि घाटावरून आलेले कामगार अशाच घरगुती खाणावळींत जेवत. तेथें स्वयंपाक करणाऱ्या बाया बहुतेक कामगारांच्याच घरच्या असत, आणि पगार होईपर्यंत पंचवीस माणसांची उधारी त्या आपल्या अंगावर घेत. त्यासाठीं त्यांना सावकाराचें दार धरावें लागे. या बायांची त्या पाशांतून सुटका व्हावी म्हणून प्रेमाताई पुरव यांनीं १९७५ सालीं अन्नपूर्णा महिला मंडळ काढलें. पुढें गिरण्या गेल्या, पण ती पद्धति गेली नाहीं. बोईसरला तिला ‘मेस’ म्हणतात, एवढाच फरक.

अशा एका ठिकाणीं मी वर्षभर जेवलों. एके रात्रीं आमटींत मीठ दुप्पट पडलें. पंधरावीस माणसें जेवत होतीं. पहिल्या घांसाला सगळ्यांचे हात थांबले. एक वयस्क फिटर उठला, स्वयंपाकघरांत डोकावला आणि म्हणाला, “मावशी, आज मीठ दोघींनीं घातलं वाटतं!” आंतून हंसण्याचा आवाज आला. मावशींनीं आमटीचें पातेलें परत चुलीवर चढविलें, कढत पाणी आणि वरणाची डाळ घालून तें उकळलें आणि पुन्हां वाढलें. आमटी पातळ झाली होती, पण कोणी कुरकुरलें नाहीं. याचें कारण उघड आहे. त्या माणसाला उद्यां तेथेंच जेवावयाचें होतें, आणि मावशींनाहि उद्यां त्यालाच वाढावयाचें होतें. चूक सांगणें दोघांनाहि जरूर होतें, आणि ती सांगतांना एकमेकांचें तोंड राखणेंहि तितकेंच जरूर होतें.

वाटेवरच्या गिऱ्हाइकाला उद्यां नसतो. मुंबई-अहमदाबाद महामार्गावर मोटार थांबवून जेवणाऱ्या एका शहरी कुटुंबाची गोष्ट मला आठवते. हॉटेलाचें नांव सांगण्याचें कारण नाहीं. सुटीचा दिवस होता, गर्दी फार होती, आणि या मंडळींना जेवण यावयास पाऊण तास लागला. कुटुंबप्रमुखानें वाढणाऱ्या पोराला सर्वांदेखत असें फैलावर घेतलें कीं, बिचाऱ्याच्या हातांतला पाण्याचा जग हलूं लागला. जेवण आटोपल्यावर तेच गृहस्थ गल्ल्यापाशीं गेले. मालकानें विचारलें, “जेवण कसें होतें, साहेब?” साहेब म्हणाले, “छान, छान.” भटारखान्यांत माणसें किती ठेवावीं, टेबलें किती मांडावीं, हें ज्याच्या हातीं होतें त्याला प्रशस्तिपत्र मिळालें, आणि ज्याच्या हातीं कांहींच नव्हतें त्याला शिव्या मिळाल्या. घरीं गेल्यावर त्या गृहस्थांनीं दहा जणांना तें हॉटेल वाईट असल्याचें सांगितलें असेल, यांत मला शंका नाहीं. पण ज्याला तें ऐकावयास हवें होतें, त्याच्या कानांवर तें कधींच गेलें नाहीं.

जेवणाच्याहि आधींचा अनुभव म्हणजे बसण्याचा. आपल्या देशांत खाणावळीचा इतिहास हा पुष्कळ अंशीं कोणाला बसूं द्यावयाचें याचा इतिहास आहे. अमक्या जातीचें उपाहारगृह अशा पाट्या आपल्या शहरांतून उघडपणें लागत. अस्पृश्य मानलेल्या माणसाला चहा मिळालाच तर तो बाहेर, वेगळ्या कपांत मिळे, आणि तो कप त्यानेंच विसळून ठेवावयाचा असे. मुंबईंत इराण्याच्या दुकानांत संगमरवरी टेबलाशीं कोणीहि येऊन बसे, याचें म्हणूनच जुन्या लोकांना नवल वाटे. २६ जानेवारी १९५० रोजीं राज्यघटना अंमलांत आली. तिच्या १५ व्या कलमानें दुकानें, सार्वजनिक उपाहारगृहें आणि हॉटेलें यांत धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कोणालाहि मज्जाव करतां येणार नाहीं असें ठरलें. १७ व्या कलमानें अस्पृश्यता नष्ट केली, आणि १९५५ च्या कायद्यानें अस्पृश्यतेपायीं केलेला असा मज्जाव शिक्षेस पात्र झाला.

कायद्यानें दार उघडलें खरें, पण त्या दारांतून आंत येणाऱ्याकडे कोणत्या नजरेनें पाहावें, हें अजून आपणांस शिकावयाचें आहे. २०११ च्या शिरगणतीच्या आंकड्यांप्रमाणें आजच्या पालघर जिल्ह्यांत शंभरांत सुमारें ३७ माणसें आदिवासी आहेत. यांतल्या वारल्यांनीं १९४५ सालीं तलासरीजवळील झरी गांवच्या परिषदेंत यापुढें वेठबिगार करणार नाहीं असा निर्धार केला, तो गोदावरी परुळेकर आणि त्यांचे सहकारी यांच्या चळवळींत. त्यांचीं नातवंडें आज दाखल्यासाठीं, दवाखान्यासाठीं पालघरला येतात. असें एक जोडपें मीं एका बऱ्यापैकीं हॉटेलाच्या दाराशीं उभें राहिलेलें पाहिलें. वाढप्यानें त्यांना “काय देऊं?” असें विचारलें नाहीं. त्यानें विचारलें, “पार्सल का?” शब्द उद्धट नव्हते, आवाजहि चढा नव्हता. पण आम्हां बाकीच्यांपैकीं कोणालाहि आल्याआल्या हा प्रश्न विचारलेला नव्हता. नवरा “हो” म्हणण्याच्या बेतांत होता. इतक्यांत कारखान्याच्या गणवेषांतला एक परप्रांतीय तरुण आपली बशी उचलून बांकावर भिंतीकडे सरकला आणि म्हणाला, “बैठिये, जगह है.” तीं दोघें बसलीं, त्यांनीं मिसळपाव खाल्ला, चहा घेतला, पैसे दिले आणि तीं गेलीं. वाढप्यानें दुसरा पाव मागावयाच्या आधींच आणून ठेवला होता. एका गिऱ्हाइकानें जागा केली, तेव्हां हॉटेललाहि ती करावी लागली.

बसावयास मिळालें कीं पुढची गोष्ट मागणीची. आमच्या बाजूला बाहेरून आलेला मांसाहारी मनुष्य पहिल्यानें पापलेट मागतो. तें साहजिकच आहे. पालघरच्या पश्चिमेस सातपाटी हें बंदर पापलेटासाठीं नांवाजलेलें, आणि २०२३ सालीं पापलेटाला महाराष्ट्राचा राज्यमासा असा मानहि मिळाला. परंतु जून आणि जुलै या महिन्यांत यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. तो माशांच्या विणीचा काळ, आणि समुद्रहि खवळलेला. तरी भर जुलैंत “पापलेट ताजें आहे ना?” असें दरडावून विचारणारीं गिऱ्हाइकें मीं पाहिलीं आहेत. मालक “आहे” म्हणतो, आणि बर्फांतून काढलेला मासा ताटांत येतो. खोटें मालक बोलला हें निश्चित. पण खऱ्या उत्तराला गिऱ्हाईक उठून जाईल असा धाक त्याला आपणच घातलेला असतो. त्याऐवजीं “आज तुमच्याकडे चांगलें काय आहे?” असें विचारून पाहावें. पावसाळ्यांत सुक्या बोंबलाचें कालवण, जवळ्याची चटणी, कंटोलीची भाजी आणि तांदळाची भाकरी असें जेवण समोर येईल, आणि तें पापलेटापेक्षां स्वस्त असून अधिक रुचकर असेल. भात वाड्याच्या कोलमाचा मिळाला तर विचारावयासच नको. त्या तांदळाला २०२१ सालीं भौगोलिक मानांकन लाभलें आहे.

मागणीचा परिणाम ताटापुरताच राहत नाहीं, तो समुद्रापर्यंत पोंचतो. ताटांत एक अखंड मासा मावावा ही हॉटेलवाल्याची सोय आणि गिऱ्हाइकाची हौस. त्यामुळें लहान पापलेटाला मागणी येते, आणि पुरतें वाढून अंडीं घालण्यापूर्वींच तें जाळ्यांत जातें. राज्य सरकारनें २०२३ सालीं ५४ जातींच्या माशांसाठीं किमान आकार ठरवून दिले आहेत. त्यांहून लहान मासा पकडूं नये असा त्याचा अर्थ. परंतु पिल्लाला गिऱ्हाईक आहे तोंवर समुद्रावर हा नियम पाळावयास लावणें अवघड आहे. म्हणून अखंड लहान माशाचा हट्ट न धरतां मोठ्या माशाची तुकडी मागावी. सुरमईची आडवी कापलेली जाड तुकडी तव्यावर खरपूस भाजली म्हणजे तिच्यापुढें अखंड पिल्लाची मातब्बरी ती काय?

अशाच जाड तुकडीला इंग्रजींत ‘स्टेक’ म्हणतात, आणि मांसाचे असे काप भाजून देणारीं स्टेकहाऊसें मोठ्या शहरांतून निघालीं आहेत. आमच्याकडील कारखान्यांतलीं तरुण मंडळी पगार झाला म्हणजे कधीं कधीं मुंबईस जाऊन तेथें जेवतात. माझा एक जुना विद्यार्थी आपल्या मित्रांसह असाच जाऊन आला आणि मला म्हणाला, “सर, एवढे पैसे मोजले आणि मांस आंतून कच्चंच!” मीं विचारलें, “मागतांना तुम्हांला कांहीं विचारलें होतें का?” तेव्हां कळलें कीं, वाढप्यानें कमी भाजूं, मध्यम भाजूं कीं पुरतें भाजूं, असें इंग्रजींत विचारलें होतें, आणि चौघांनींहि आपलें अज्ञान दिसूं नये म्हणून नुसत्या माना हालविल्या होत्या. आपल्या खाणावळींत जें कोणी विचारीत नाहीं, तें तेथें मुद्दाम विचारतात; आणि आम्ही लाजेपायीं उत्तर देत नाहीं. न समजलेलें विचारण्यांत कमीपणा नाहीं, हें वर्गांत सांगून मी थकलों. तें हॉटेलांतहि तितकेंच खरें आहे. मांस कोणत्या जनावराचें, हेंहि तेथें विचारावें. महाराष्ट्रांत १९७६ च्या कायद्यानें गाईच्या आणि २०१५ च्या दुरुस्तीनें बैल व वळू यांच्याहि कत्तलीस बंदी आहे. त्यामुळें असले काप म्हशीच्या, कोंबडीच्या किंवा माशाच्या मांसाचे असतात. कोणाला धर्मानें एक वर्ज्य, कोणाला प्रकृतीनें दुसरें. ज्याला तें खावयाचें आहे त्यानें विचारावें, आणि विकणाऱ्यानें सरळ सांगावें, हा रोखठोक व्यवहार आहे.

व्यवहाराची गोष्ट निघाली आहे म्हणून आणखी तीन बाबी सांगतों. अन्नसुरक्षेच्या २००६ च्या कायद्याप्रमाणें प्रत्येक खाणावळीला परवाना किंवा नोंदणी लागते, आणि तिचा १४ आंकडी क्रमांक सर्वांना दिसेल असा लावावा लागतो. गल्ल्यामागच्या तसबिरीला नमस्कार करणाऱ्यांनीं शेजारच्या त्या कागदाकडेहि एकदां पाहावें. दुसरें, बिलांत सेवाशुल्क म्हणून आपोआप रक्कम लावूं नये, अशा सूचना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें २०२२ सालीं काढल्या, आणि २०२५ च्या मार्चमध्यें दिल्ली उच्च न्यायालयानें त्या उचलून धरल्या. वाढणाऱ्याला बक्षीस द्यावयाचें तर तें खुशीनें, त्याच्या हातांत द्यावें. तिसरें सर्वांत महत्त्वाचें. हॉटेलांत आणि धाब्यावर चौदा वर्षांखालील मुलाला कामास ठेवण्यास १० ऑक्टोबर २००६ पासून मनाई आहे, आणि २०१६ च्या दुरुस्तीनें ती मनाई अधिक कडक झाली. तेव्हां टेबल पुसावयास शाळेच्या वयाचें पोर आलें, तर “काय गोड पोरगा आहे!” असें म्हणून त्याच्या हातावर दहा रुपये ठेवूं नयेत. मालकाला त्याचें वय विचारावें. असा प्रश्न दहा गिऱ्हाइकांनीं केला तर अकराव्या दिवशीं तें पोर तेथें दिसणार नाहीं. जाऊन तें शाळेंत बसेल कीं दुसरीकडे कपबशा धुवील, हा प्रश्न उरतोच, आणि तेथें आमच्यासारख्या मास्तरांनीं त्याच्या घरीं गेलें पाहिजे. परंतु पहिला प्रश्न गिऱ्हाइकानें विचारल्यावांचून दुसऱ्याची वेळच येत नाहीं.

शेवटीं अनुभव सांगण्याविषयीं. बाहेर जेवून आलेला माणूस तो अनुभव सांगतोच, आणि सांगावाहि. त्यावरच दुसऱ्याची फसवणूक टळते आणि चांगल्या खाणावळीला बरकत येते. मात्र तो साक्षीदारासारखा सांगावा. कोणत्या दिवशीं, कोणत्या वेळीं गेलों, काय मागितलें, काय आलें, चूक दिसल्यावर ती मालकाला सांगितली का, आणि त्यानें काय केलें, इतकें सांगितलें म्हणजे ऐकणारा आपलें मत आपण करतो. “एकदम भिकार” किंवा “एकदम झकास” या दोन शब्दांत मावेल असें जेवण मीं अजून खाल्लें नाहीं. आमटी खारट झाली हें जितकें खरें, तितकेंच मावशींनीं ती परत उकळून वाढली हेंहि खरें. दोन्ही सांगितल्याशिवाय साक्ष पुरी होत नाहीं. आणि स्तुति करावयाची तर आचाऱ्याच्या कानांवर जाईल अशी करावी. भटारखान्याच्या धुरांत दिवसभर उभ्या असलेल्या माणसाला आपली भाजी कोणाला आवडली, हें क्वचितच कळतें.

माझें मागणें थोडकें आहे. आपण वाटेवरचें गिऱ्हाईक असलों तरी महिन्याच्या गिऱ्हाइकाची रीत उचलावी. या जागीं उद्यां पुन्हां येऊन, याच माणसाच्या हातचें, याच शेजाऱ्याच्या मांडीला मांडी लावून जेवावयाचें आहे, असें समजून बसावें, मागावें, बोलावें आणि उठावें. आपण उद्यां तेथें नसलों तरी दुसरें कोणीतरी त्याच जागीं बसणार असतें, आणि त्याच्या ताटांत काय पडेल याचा थोडा भाग आपणच आज ठरवून आलेले असतों.

जेवणाची वेळ होत आली आहे. आपणांस अधिक न खोळंबवितां मी आपली रजा घेतों.